चुकल्यावर पुढचं वाक्य

दहावीच्या भाषा विषयाला ८० गुण लेखी असतात आणि २० गुण शाळेच्या हातात. त्या विसांत तोंडी परीक्षा येते. पालकांना हे वीस गुण घरचेच वाटतात. मी सोलापूरच्या पूर्वभागातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते आणि दर वर्षी बघते, की काही मुलांना लेखीच्या ऐंशीपेक्षा हे वीसच जड जातात. तोंडीच्या दिवशी त्यांचं पोट दुखतं. काही जण शाळेत येतात, पण नंबर जवळ आला की पाणी प्यायला जातात आणि तास संपेपर्यंत परत येत नाहीत. निबंधात पानंच्या पानं लिहिणारी एक मुलगी माझ्यासमोर कवितेच्या चार ओळी म्हणू शकत नव्हती. ओळी पाठ होत्या. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता.

अशा मुलांसाठी आम्ही गेल्या वर्षी शनिवारी शाळा सुटल्यावर एक गट चालवला. प्रसंग करून बघायचा, त्यात भूमिका घ्यायच्या, भूमिकांची अदलाबदल करायची आणि मग तोच प्रसंग बाहेर जाऊन खराखुरा करायचा. त्यात काय केलं आणि काय मुद्दाम केलं नाही, ते सविस्तर लिहितेय. असं काही सुरू करू बघणाऱ्या शिक्षकांना तपशीलच लागतात. मुलांची नावं देणार नाही, आणि ओळख पटेल अशा खुणाही बदलल्या आहेत.

शिक्षकांच्या खोलीत अशा मुलांबद्दल मतं तयार असतात. बुजरं आहे, मोठं झालं की सुटेल. नाहीतर, घरी मराठी नाही म्हणून गप्प असतं. या दुसऱ्या म्हणण्यात तथ्य आहे. आमच्या कितीतरी मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड, काहींच्या घरी उर्दू. पुस्तकातली मराठी त्यांना फक्त शाळेत भेटते, आणि उच्चारावरून एकदा कुणी हसलं की मूल मिटून घेतं. पण कवितेवाली मुलगी मराठी घरातली आहे. आणि एक मुलगा असा, की ज्याच्या घराला लागूनच यंत्रमाग चालतात. मागाच्या खडखडाटात वडिलांना ऐकू जावं म्हणून तो घरी खड्या आवाजात बोलतो. वर्गात हजेरी देताना मात्र त्याचा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचायचा नाही. या दोघांकडं भाषाही होती आणि आवाजही होता. चार माणसं बघतायत म्हटलं की सगळं अडायचं.

एनसीईआरटीनं २०२२ साली सहावी ते बारावीच्या पावणेचार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांकडून मानसिक आरोग्याविषयी माहिती भरून घेतली होती. त्यात २८ टक्के मुलांनी प्रश्न विचारायला संकोच वाटतो असं सांगितलं. एवढ्या सगळ्यांना काही आजार नसतो. संकोच कुठं संपतो आणि उपचाराची गरज कुठं सुरू होते, हे ठरवणं शिक्षकाचं काम नाही, म्हणून मी आधी एका मानसशास्त्रज्ञ ताईंना गाठलं. त्यांनी मला दोन गोष्टी बघायला सांगितल्या. हे सहा महिन्यांहून जास्त चाललंय का, आणि त्या भीतीपायी मूल काय काय करायचं सोडून देतंय. मग मी डोळे उघडे ठेवून बघायला लागले. मधल्या सुट्टीत डबा न उघडणारी मुलं दिसली. दिवसभर शाळेच्या स्वच्छतागृहात न जाणारी दिसली. करोना संपून इतका काळ लोटला तरी मास्क न काढणारा एक दिसला. गणिताच्या तासाला उत्तर माहीत असून 'येत नाही' म्हणणारे तर बरेच निघाले. उभं राहून बोलण्यापेक्षा मठ्ठ ठरलेलं त्यांना परवडत होतं.

ताईंनी यादीतल्या दोघांना आधी स्वतःकडं पाठवायला सांगितलं. एक जण घरीसुद्धा मोजक्याच माणसांशी बोलायचा, आणि दुसरीची झोप-भूक दोन्ही गेली होती. गट सगळ्यांसाठी नसतो, हे त्यांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट केलं. उरलेल्या आठवी-नववीच्या आठ-नऊ मुलांचा गट करायचा ठरला, आणि ताई मधूनमधून येऊन बसतील असंही ठरलं.

आधी घरोघर जाऊन पालकांची संमती घेतली. विड्या वळत बसलेल्या एका आईनं मला चहा दिला आणि म्हणाली, "बोलत नाही तर चांगलंच आहे की बाई. वळणाची आहे पोरगी." मुलीसमोर मी त्यावर वाद घातला नाही. एवढंच विचारलं, की तुम्ही आजारी पडलात तर कारखान्यात विड्या द्यायला कोण जातं? "हिलाच पाठवते. पण छाट जास्त काढली तरी ही काही बोलत नाही, गुपचूप परत येते." छाट म्हणजे तपासणाऱ्यानं खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या. त्यांचे पैसे मिळत नाहीत, पानं-तंबाखू मात्र गेलेलीच असते. दोन क्षण थांबून त्या माऊलीनंच सही केली. पुढं हाच प्रसंग आमच्या गटातला सगळ्यात मोठा प्रसंग झाला.

गटातच का, असं मुख्याध्यापकांनी विचारलं होतं. भीती माणसांचीच, तर तिच्यावरचा सरावही माणसांतच व्हायला हवा, हे एक. दुसरं, हे काही आमच्या डोक्यातून निघालेलं नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड हाइमबर्ग यांनी चारचौघांच्या या भीतीसाठी, म्हणजे सोशल अँग्झायटीसाठी, गटात द्यायची उपचारपद्धती बसवली. साधारण सहा जणांचा गट, दोन उपचारक, बारा बैठका, प्रत्येक बैठक अडीच तासांची, आणि तिच्या मध्यभागी प्रसंग करून बघणं. शाळेतच चालवता येईल असा त्याच धर्तीचा उपक्रम कॅरी मासिया वॉर्नर यांनी तयार केला, आणि त्यात मोकळ्या स्वभावाची काही मुलं मदतनीस म्हणून घेतली. आम्ही ती कल्पना उचलली. नववीतली दोन समजूतदार मुलं आमच्याबरोबर आली. ताईंनी त्यांना आधी बसवून सांगितलं, की इथलं इथंच ठेवायचं आणि कुणाला वाचवायला धावायचं नाही.

चित्रकलेच्या खोलीत बाकं भिंतीला लावून आम्ही सुरुवात केली. मुलांना कागद दिले आणि सांगितलं, जे करायला तुम्ही टाळता ते लिहा, आणि प्रत्येकापुढं शून्य ते शंभरमध्ये भीतीचा आकडा टाका. मला वाटलं होतं भाषण, स्नेहसंमेलन, फळ्यापुढं उभं राहणं असलं काहीतरी येईल. आलं ते फार वेगळं. दुकानदारानं कमी परत दिले तर उरलेले पैसे मागणं. कुणी आडनाव चुकीचं उच्चारलं तर दुरुस्त करणं. लग्नात पंगतीत वाढणं. वर्ग सुरू झाल्यावर आत येणं. सरांना 'परत एकदा सांगा' म्हणणं. आणि एका मुलानं लिहिलं होतं, 'रिक्षात थांबवा म्हणणं'. तो शेअर रिक्षानं यायचा. त्याच्या गल्लीच्या तोंडाशी दुसरं कुणी उतरणार असेल तर ठीक. नाहीतर तो पुढं कन्ना चौकापर्यंत तसाच बसून जायचा आणि तिथून चालत मागं यायचा. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हासुद्धा. घरी कुणालाच हे माहीत नव्हतं.

तो कागद वाचल्यावर मी स्टेज हा विषय मनातून काढून टाकला. काही सहकाऱ्यांचा आग्रह होता, की एक बालनाट्य बसवा, हुतात्मा स्मृती मंदिरात स्पर्धेत उतरवा, आपोआप धीट होतील. नाटकाचा मला आदर आहे, या शहराला रंगभूमीची मोठी ओढ आहे. पण नाटकात वाक्य दुसऱ्यानं लिहिलेलं असतं आणि समोरचा काय म्हणणार हे आधीच ठाऊक असतं. रिक्षात ते ठाऊक नसतं. संहिता पाठ करून टाळ्या मिळवणारं मूल घरी जाताना तरीही कन्ना चौकातच उतरू शकतं.

पहिला प्रसंग रिक्षाचाच केला. चार खुर्च्या मागं, एक पुढं. मुलं लगेच म्हणाली, "बाई, डायलॉग लिहून द्या." ते आम्ही दिले नाहीत, कधीच नाही. ताईंचा यावर फार कटाक्ष होता. प्रत्येक वाक्य आधी मनात घोकून ठेवणं हाच या मुलांचा जुना उद्योग असतो. त्या घोकण्यात समोरच्याचं बोलणं कानावर पडत नाही आणि घोकलेलं वाक्य निसटलं की सगळंच कोसळतं. असे आणखी बरेच उद्योग असतात. मोबाईलमध्ये डोकं घालणं, मास्क, तोंडावर रुमाल, मैत्रिणीच्या मागं उभं राहणं, भरभर बोलून मोकळं होणं. त्यानं तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण मूल नंतर म्हणतं, रुमाल होता म्हणून निभावलं. मुलांनी या सगळ्याला 'लपायच्या जागा' असं नाव दिलं आणि एकमेकांच्या जागा ओळखायला लागली.

संवादाऐवजी आम्ही चिठ्ठी ठेवली. प्रसंगात उतरण्यापूर्वी मुलानं लिहायचं, की माझ्या मते आता काय होईल. गुळमुळीत चालणार नाही. 'वाईट होईल' हे चालणार नाही. काय घडलेलं डोळ्यांना दिसेल, कानांना ऐकू येईल, ते लिहायचं. रिक्षावाल्या मुलानं लिहिलं, 'सगळी वळून बघतेत आणि ड्रायव्हर ओरडतो.' भीती ऐंशी. मग प्रसंग. मदतनीस मुलगा ड्रायव्हर झाला, बाकीचे प्रवासी. आमच्या हिरोनं तोंड उघडलं, आवाज निघेना, गल्ली गेली. आम्ही थांबवलं नाही. तो दुसऱ्यांदा म्हणाला, "थांबवा." ड्रायव्हर म्हणाला, "आधी सांगायचं की बे, मागं गेली गल्ली. सुट्टे दे." चिठ्ठी उघडली. किती जणांनी वळून बघितलं? दोघांनी, आणि लगेच बाहेर बघायला लागले. ड्रायव्हर ओरडला? बोलला, आणि पैसे मागितले. मुलगा बराच वेळ त्या चिठ्ठीकडं बघत होता. मग म्हणाला, "परत करू का?"

चिठ्ठीचं महत्त्व मला तेव्हा कळलं. पूर्वी असं समजत, की भीतीच्या जागी माणूस टिकून राहिला की भीती हळूहळू उतरते आणि तेच औषध. हल्लीचे अभ्यासक भीती किती उतरली यापेक्षा दुसऱ्या गोष्टीवर भर देतात: जे होणार असं वाटलं होतं आणि जे झालं, यांतला फरक मुलाला स्वतःला दिसला का. भीती साठवर असतानाही हा फरक दिसू शकतो. आमची बरीच मुलं धडधडत्या छातीनंच शिकली. 'आधी भीती घालव, मग बोल' असं आम्ही कुणालाच म्हटलं नाही.

टाळ्या बंद ठेवल्या, हा माझा निर्णय होता आणि आजही मला तो योग्य वाटतो. 'छान केलंस' हेही बंद. टाळी आली की प्रसंगाची परीक्षा होते आणि पुढच्या वेळी टाळी मिळाली नाही तर? त्याऐवजी बघणाऱ्यांनी फक्त काय दिसलं ते सांगायचं. 'तू दोनदा खाली बघितलंस.' 'तिसऱ्या वाक्याला तुझा आवाज मोठा झाला.' 'तुझे हात कापत होते ते मला दिसले नाहीत.' हे शेवटचं वाक्य इतक्यांदा निघालं, की मुलांचा हळूहळू त्यावर विश्वास बसला. आतली थरथर बाहेर दिसते त्यापेक्षा आपल्याला कितीतरी जास्त जाणवते.

याच संदर्भात ताईंनी कॉर्नेल विद्यापीठातल्या एका प्रयोगाची गोष्ट सांगितली. २००० साली तो प्रसिद्ध झाला. एका गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून विद्यार्थ्याला इतरांच्या खोलीत पाठवायचं आणि मग विचारायचं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? घालणाऱ्यांना वाटायचं निम्म्यांच्या. खरा आकडा जेमतेम पाव निघाला. आमच्या मुलींनी ठरवलं, आपणही बघू. एकीनं एका वेणीला लाल रिबन आणि दुसरीला पांढरी बांधली आणि दुसऱ्या तुकडीत निरोप घेऊन गेली. नंतर मदतनीस मुलीनं त्या वर्गात जाऊन विचारलं. भरलेल्या वर्गातल्या चार-पाच जणांनाच रिबनचं काही आठवत होतं, आणि त्यातल्या एकीनं रंग चुकीचे सांगितले. त्या दिवशी गटात खूप हसलो आम्ही. मोकळं हसणं होतं ते.

आता विडीच्या प्रसंगाबद्दल. त्या मुलीनं यादीत हाच प्रसंग सगळ्यात वर ठेवला होता, शंभराच्या आकड्यासह. कितीतरी शनिवार तिनं खालचेच प्रसंग केले, वाण्याकडं सुट्टे मागितले, आडनाव दुरुस्त केलं. मग एके दिवशी स्वतःच म्हणाली, करायचं. खडूचे तुकडे म्हणजे विड्या, टोपलीत रद्दी वह्यांचे गठ्ठे. तपासणारा म्हणून यंत्रमागवाला मुलगा बसला, आणि त्यानं घरातला खडा आवाज पहिल्यांदाच शाळेत काढला. "ही छाट. ही पण छाट. पुढची कोण?" मुलगी वळली आणि निघाली. तिच्या चिठ्ठीवर होतं, 'मी बोलले तर तो सगळ्या बायकांसमोर अम्माचं नाव घेऊन बोलतो.' हे तर तिनं करूनच बघितलं नव्हतं.

मग ताईंनी भूमिका बदलायला लावल्या. जेकब मोरेनो नावाच्या डॉक्टरांनी व्हिएन्नात नाट्याचा वापर उपचारासाठी सुरू केला, आणि भूमिकांची अदलाबदल हे त्यांच्या पद्धतीचं मुख्य अंग. मुलगी तपासणाऱ्याच्या खुर्चीवर बसली आणि मागवाला मुलगा टोपली घेऊन उभा राहिला. तिनं छाट काढली. तो म्हणाला, "मालक, परत एकदा बघा की, ह्या चांगल्या आहेत." मुलगी क्षणभर गोंधळली, मग खडू हातात घेऊन परत बघायला लागली. खेळ थांबल्यावर तिला विचारलं, काय वाटलं? ती म्हणाली, "बाई, इथं बसलं की समोरचं माणूस दिसतच नाही. विड्या दिसतेत आणि वही दिसते. मागं लाईन आहे, ते डोक्यात असतंय." आणि मग, "त्यानं परत बघा म्हटलं तर मला राग नाही आला. बघावंच लागलं."

हे तिला मी दहा वेळा सांगून पटलं नसतं. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या इंग्लंडमधल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली मांडलेलं आहे, की या भीतीत माणसाचं सगळं लक्ष स्वतःकडं वळतं: मी कसा दिसतोय, माझा आवाज कसा येतोय. समोरचा माणूस लक्षातून सुटतो, आणि मनातल्या स्वतःच्या चित्रालाच माणूस खरं मानतो. आम्ही याचाही सराव घ्यायचो. एकच प्रसंग दोनदा करायचा. एकदा सगळं लक्ष स्वतःच्या हातापायांवर ठेवून, एकदा समोरच्यावर. दुसऱ्या वेळी दुकानदाराच्या शर्टाचा रंग, त्याच्या टेबलावर काय होतं, तो घाईत होता का, हे नंतर सांगायचं. दुसऱ्या खेपेला भीतीचा आकडा जवळपास प्रत्येकाचाच कमी यायचा.

दिवाळीनंतर आम्ही मुद्दाम चुकायला सुरुवात केली. माझ्या मते वर्षभरात याचाच सर्वांत जास्त उपयोग झाला. बोलता बोलता मध्येच थांबायचं आणि मनात पाच अंक मोजायचे. चुकीचं नाव घ्यायचं. दुकानात जाऊन वस्तूचं नावच विसरायचं. आणि मग पुढचं वाक्य. प्रत्येकानं आपापलं पुढचं वाक्य निवडलं. कुणाचं 'एक मिनिट हं', कुणाचं 'थांबा, परत सांगतो', एकाचं घरच्या बोलीतलं 'रुको ना जरा'. ही मुलं आयुष्यभर न चुकण्याचा सराव करत आलेली असतात. चुकल्यानंतरच्या पाच सेकंदांत काय करायचं, याचा सराव त्यांनी कधीच केलेला नसतो. तिथं त्यांना खड्डा दिसतो. त्या खड्ड्यावर एका वाक्याची फळी टाकली की ती पुढं जातात. व्याकरणाच्या तासालाही मी आता हे करते, वाक्य अर्धवट सोडलेल्या मुलाला मी पूर्ण करून देत नाही, थांबते.

मोबाईलवर चित्रीकरण थोड्यांचंच केलं, पालकांची आणि मुलाची परवानगी घेऊन, आणि बघून झालं की तिथल्या तिथं पुसून टाकलं. बघण्याआधी मुलानं सांगायचं, की मी कसा दिसेन. मग अनोळखी मुलाकडं बघावं तसं स्वतःकडं बघायचं. मास्कवाला मुलगा म्हणाला होता, "चेहरा लालभडक दिसणार, ओठ थरथरताना दिसणार." बघून झाल्यावर म्हणाला, "नॉर्मलच दिसतोय की." कवितेवाल्या मुलीनं चित्रीकरणाला नाही म्हटलं. आम्ही तो विषय पुन्हा काढला नाही. या मुलांना 'नाही' म्हणणंही अवघडच जातं, आणि तिनं ते म्हटलं होतं.

एक मुलगा तिसऱ्या-चौथ्या शनिवारी म्हणाला, की मला प्रसंग नको, माझ्यावर खरंच हसतात. त्याच्या बोलण्यावरून वर्गातली तीन मुलं रोज त्याची नक्कल करायची, पाठीवर टपल्या मारायची. इथं चिठ्ठी आणि भूमिका यांचा काही उपयोग नाही. त्याचा अंदाज खराच होता. छळ होत असेल तर तो थांबवणं शाळेचं काम आहे, मुलाला कणखर बनवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. मुख्याध्यापकांनी त्या तिघांच्या पालकांना बोलावलं, बाकं बदलली, मधल्या सुट्टीत शिक्षक ठेवले. ते थांबल्यावरच तो मुलगा गटात परत आला. गट चालवणाऱ्या प्रत्येकानं हे आधी तपासावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

जानेवारीत गड्डा भरला. सिद्धेश्वरांची यात्रा, सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांची परिक्रमा, अक्षता सोहळा, आणि मग होम मैदानावरचे पाळणे, खेळणी, भेळेचे ठेले, ते पुढं कितीतरी दिवस चालू असतात. आमच्या मुलांना आयतंच मैदान मिळालं. पालकांना सांगून संध्याकाळी गेलो. मदतनीस मुलं दहा पावलं मागं, मी त्याहून मागं. प्रत्येकाकडं चिठ्ठी. 'भेळेत कांदा कमी घाला' हे सोपं वाटलं सगळ्यांना. भीती होती ती 'भाव विचारायचा आणि काही न घेता निघायचं' याची. मुलांचा अंदाज होता की दुकानदार चिडेल. बहुतेकांना 'बरं' एवढंच उत्तर मिळालं. एक बांगडीवाली मात्र खरंच चिडली: "घ्यायचं नाही तर हात कशाला लावलास?" कवितेवाल्या मुलीवर ही वेळ आली. ती जागची हलली नाही. म्हणाली, "एक मिनिट हं. आवडल्या, पण पैसे नाहीत आज." बाई पुटपुटत दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळली. मुलगी आमच्याकडं आली तेव्हा तिचे हात गार पडले होते. भीती किती, विचारलं, तर "नव्वद". आणि लगेच, "पण मी बोलले."

घरी गेल्यावरचा वेळ या मुलांना फार त्रास देतो. रविवारभर तोच प्रसंग मनात उगाळतात, आणि दर वेळी तो आणखी वाईट होतो. म्हणून गड्ड्यातून निघण्यापूर्वी प्रत्येकानं जे झालं ते दोन ओळींत लिहिलं, निव्वळ घडलेलं. सोमवारी मनातली गोष्ट आणि कागदावरच्या ओळी शेजारी शेजारी ठेवल्या. बांगडीवालीच्या प्रसंगात सोमवारपर्यंत 'सगळा गड्डा बघत होता' असं झालं होतं. कागदावर होतं, 'एक बाई आणि तिचं लहान मूल'.

विडीवाली मुलगी फेब्रुवारीत अम्माऐवजी कारखान्यात गेली आणि म्हणाली, "परत एकदा बघा." तपासणाऱ्यानं थोड्या विड्या परत टोपलीत टाकल्या, सगळ्या नाही. किती, ते तिनं मोजलंच नाही. रिक्षावाला मुलगा आता गल्लीशी उतरतो. कवितेवालीनं तोंडी परीक्षेत दोनदा थांबून, 'परत म्हणते' म्हणून कविता पूर्ण केली, आणि तिला गुण मिळाले ते त्या कवितेचे. मास्क निघाला, पण त्या मुलाचा डबा अजून सगळ्यांसमोर उघडत नाही. गटातला एक जण मधूनच यायचा थांबला. घरी जाऊन बोललो, जबरदस्ती केली नाही. आता तो ताईंकडं एकटा जातो आणि डॉक्टरांनी त्याला औषध सुरू केलंय. औषध घेणं म्हणजे काही हरणं नाही, हे त्याच्या वडिलांना समजावायला आम्हाला वेळ लागला. ज्यांच्या गावात ताईंसारखं कुणी नाही त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेली-मानस ही विनामूल्य सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर, आणि तिथं मराठीतही बोलता येतं.

'ढकला स्टेजवर, भीती आपोआप जाते' असं म्हणणारे सहकारी अजून आहेत. त्यांना मी विचारते, की ढकललेलं मूल तिथं टिकतं का? ते पळतं, आणि पळाल्यावर जी सुटका वाटते तीच त्याला पटते. उलट बाजूला, कळवळ्यानं सगळ्यातून सूट देणारे शिक्षकही आहेत. सूट दिल्यानं भीती पोसली जाते. आम्ही आता वर्गात अचानक नाव पुकारत नाही, आणि कुणाला कायमचं वगळतही नाही. उद्या तुला दोन ओळी वाचायच्या आहेत, असं आदल्या दिवशी सांगतो, आणि काही आठवड्यांनी ते आधी सांगणंही बंद करतो.

यंदाचा गट जुलैत सुरू होतोय. रिक्षावाला मुलगा आणि विडीवाली मुलगी मदतनीस म्हणून येणार आहेत. दोघांनी मिळून नव्या मुलांसाठी प्रसंगांची यादी केली आणि मला दाखवली. तीत सगळ्यात वर अनोळखी नंबरवर फोन करणं आहे, जे आम्ही गेल्या वर्षी घेतलंच नव्हतं. फोनवर समोरच्याचा चेहरा दिसत नाही, मग लक्ष बाहेर कुठं ठेवायचं, असा प्रश्न मुलीनं विचारलाय. ताईंना विचारून सांगते, म्हटलंय.